फाट्यावरचा ठिपका

पाहुणा यायचा असला की माझी आई त्याला आणायला फाट्यावर जायची, आणि मला तिच्या या सवयीचा मनापासून राग होता.

आमचं घर तासगावजवळच्या एका मळ्यात आहे. डांबरी रस्त्यावर एसटीचं पिकअप शेड, त्याच्या शेजारी हिरवी जाळी लावलेलं बेदाण्याचं शेड, आणि दोन्हींच्या मधून आत जाणारी पाणंद. पाणंदीला दोन्ही अंगांनी द्राक्षबागा, मधे ओढा, ओढ्यावर मोरी, आणि मोरीपलीकडे चार-पाच घरं. त्यातलं शेवटचं आमचं. मळ्यात कुणी यायचं झालं की घरातलं एक माणूस फाट्यापर्यंत जाणार, हा आमच्याकडचा नियम. तो कुणी घालून दिला ते ठाऊक नाही. पाहुणा पहिल्यांदा येवो नाहीतर दर रविवारी येवो, त्याला फाट्यावरून घेऊन यायचं, जाताना फाट्यापर्यंत पोचवायचं, आणि एसटी वळणाआड गेल्याशिवाय मागं फिरायचं नाही. आमच्या घरात हे खातं आईकडे होतं.

तिचे गुडघे गेलेले होते आणि हृदय अशक्त झालेलं होतं. डॉक्टरांनी लांब चालू नका म्हणून बजावलं की ती तिथं ‘व्हय, व्हय’ म्हणायची आणि पुढच्या पाहुण्याला छत्री घेऊन निघायची. छत्री ऊन, कुत्री आणि गुडघा अशा तिन्ही कामांना. मी साताऱ्याहून कराडला गाडी बदलून तासगावला आणि तिथून मळ्याकडे यायची. एसटीच्या पायरीवर असतानाच ती दिसायची.

“आई, मी काय आंधळी हाय का? याच पाणंदीनं शाळेला जात होते मी.”

“मग? आंधळी कोण म्हणलंय तुला? आण ती पिशवी.”

पिशवीवरून आमची ओढाताण व्हायची आणि शेवटी ती जिंकायची. मग मोरीच्या कट्ट्यावर बसून ती दम खायची. दम लागलाय हे कबूल करायची नाही, म्हणायची, “बस जरा, लय वाळलीयास.” मी फणकाऱ्यानं उभीच राहायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी त्यांनी याच भागातल्या रस्त्यांवर केली. निवृत्त झाल्यावर त्यांना रस्त्याकडे बघायचीसुद्धा इच्छा उरली नव्हती. ते कधी कुणाला आणायला फाट्यावर गेले नाहीत. “यायचा त्यो येतोय,” म्हणायचे, “वाट काय पळून चाललीया?” आईला हे बोलणं आवडायचं नाही, पण ती त्यावर कधी भांडली नाही. छत्री उचलायची आणि निघायची.

मी नकाशांचं काम करते. साताऱ्यात एका औषधाच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आम्ही मोबाईलवर दिसणारे नकाशे बनवतो. हे सांगितलं की लोक म्हणतात, ते तर फोनमध्ये असतातच की. असतात, पण कुणीतरी ते तिथं ठेवलेले असतात. आमच्याकडे जागांचा डेटाबेस असतो. सरळ शब्दांत सांगायचं तर ते एक मोठं कोष्टक, फक्त त्यातल्या प्रत्येक ओळीला स्वतःच्या नावाबरोबर स्वतःची जागाही माहीत असते. फोन विचारतो, माझ्या पडद्यावर आत्ता जमिनीचा जो चौकोन आहे, त्यात काय काय येतं? डेटाबेस तेवढंच उचलून देतो. खरी पंचाईत पुढं असते. पडदा तळहाताएवढा. त्यावर सगळं दाखवायला गेलं तर नुसती खिचडी होते. म्हणून आम्ही ओढ्यांची वळणं सरळ करतो, लहान वाटा काढून टाकतो, जवळजवळचे ठिपके गोळा करून त्यांचं एकच वर्तुळ करतो आणि त्यात आकडा लिहितो. बोटांनी नकाशा मोठा केला की वर्तुळ फुटतं आणि ठिपके आपापल्या जागी जातात. काय दाखवायचं यापेक्षा काय लपवायचं हे ठरवण्यातच आमचा दिवस जातो. आमच्या मळ्यासारखे मळे लपवलेल्यांत सगळ्यात आधी असतात.

सांगलीच्या एका संस्थेचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मी ते मागून घेतलं. ती संस्था फिरता दवाखाना चालवते. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक सिस्टर. मळ्यामळ्यांतून म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, बीपी बघायचं, साखर बघायची, गोळ्या द्यायच्या. गंभीर काही असलं तर ॲम्ब्युलन्सला त्या घराची जागा त्याच ॲपमधून जायची. सिस्टरचा फोन साधा, काच तडकलेली आणि वर उन्हाचा झोत. त्या पडद्यावर त्यांना पेशंटचं घर सापडायला हवं होतं. त्या पेशंटांत माझी आईही होती. बाकी कुणाचं काय भलं व्हायचं ते होवो, मला त्या नकाशाकडून एकच गोष्ट हवी होती. गाडी आमच्या दारापर्यंत यावी आणि आईला फाट्यापर्यंत चालावं लागू नये.

सिस्टरनी पहिल्या फेऱ्या पूर्ण केल्या आणि ठिपके आमच्याकडे आले. नकाशा उघडला तर सगळीकडे रस्त्याच्या कडेला वर्तुळं. मोठा केला तरी वर्तुळं फुटेनात. माझी सहकारी माझ्याहून वयानं मोठी, साताऱ्याचीच, टेबलावर पेनही तिरकं पडू न देणारी. ठिपके गोळा करायचा कोड तिनं लिहिला होता. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. तिनं कोड उलटापालटा करून पाहिला, मग गोळा करणं बंदच करून टाकलं. तरीही एकेका मळ्याचे सगळे पेशंट फाट्यावर एकावर एक.

“ही सगळी माणसं एसटीची वाट बघतायत का गं?” ती वैतागून म्हणाली.

मी हसले आणि हसता हसता मला ते कळलं. ॲपमध्ये ‘भेट झाली’ असं बटण होतं. ते दाबलं की ती जागा नोंदली जायची. बटण ठरवताना आम्ही ऑफिसात बसून असं धरून चाललो होतो की भेट घरात होते. साताऱ्यातल्या फ्लॅटमध्ये होते तशी, बेल वाजल्यावर. मळ्यांत कुणीतरी आधीच फाट्यावर येऊन उभं असतं. सिस्टर उतरल्या, समोर घरचं माणूस भेटलं, भेट झाली, त्यांनी प्रामाणिकपणे बटण दाबलं. मी आमचा मळा शोधला. आईचा ठिपका पिकअप शेडला लागून होता, ती जिथं उभी राहते अगदी तिथं.

“ही माझी आई,” मी सहकारीला म्हटलं. “ही खरंच तिथं उभी असते.”

आम्ही नियम बदलला. आता भेटल्यावर बटण दाबायचं नाही, पेशंटला तपासताना दाबायचं. आणि जुने ठिपके हातानं हलवायला बसलो. वरून काढलेला फोटो खाली ठेवायचा, सिस्टरना फोन करून घर विचारायचं आणि ठिपका ओढून छपरावर ठेवायचा. आईचा ठिपका मी सगळ्यांच्या आधी घेतला. आमच्या घराच्या पत्र्याचा एक कोपरा नवा आहे, तो वरूनही चमकतो. मी तो ठिपका पाणंदीवरून, ओढ्यावरून ओढत नेला आणि पत्र्यावर सोडला. ‘आता घरी बस,’ असं मी मोठ्यानं म्हणाले. सहकारीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

पुढच्या सुट्टीत मी घरी गेले. आई फाट्यावर होतीच. घरी पोचल्यावर मी तिला फोनवर नकाशा दाखवला. ती डोळ्यांपासून लांब धरून बघत राहिली.

“ह्यात वढा कुटं हाय?”

मी मोठा करून ओढा दाखवला.

“आन मोरीचा कट्टा?”

“कट्टा न्हाई दाखवत आई. लय बारीक गोष्ट हाय ती.”

“मग बसायचं कुटं?”

“नकाशात बसायला लागत न्हाई. हे बघ, आता गाडी सरळ दारात येणार. तू फाट्यावर जायचं न्हाई. कळलं का?”

तिनं काचेवर अंगठा टेकवला. कामानं रुंद झालेला तिचा अंगठा, त्याखाली फाटाही गेला आणि घरही गेलं.

“आगं, ह्ये तर माज्या आंगठ्याएवढं बी न्हाई,” ती म्हणाली. “एवढ्या वाटंसाठी तू मला बोलत असतीस व्हय?”

अण्णा पलीकडून हसले. मी चिडले. मी तिला म्हटलं, गाडीला वाट कळते आता, तुझी गरज नाही. ‘गरज नाही’ हा शब्द मी वापरला आणि ती जराही दुखावली नाही. ती म्हणाली, “गाडीला कळली गं वाट. पर गाडीतल्या माणसाला ‘या’ म्हणाय नगं का कुणी?”

फिरता दवाखाना खरोखरच दारात यायला लागला. पहिल्या खेपेला काय झालं ते सिस्टरनी मला फोनवर सांगितलं. फोननं त्यांना पाणंदीत वळवलं, आणि आई त्यांना मोरीवर भेटली, छत्री टेकत फाट्याकडे चाललेली. त्यांनी तिला गाडीत घेतलं आणि तिच्याच घरी पोचवलं. आईनं मळ्यात सगळ्यांना सांगितलं की लग्नानंतर पहिल्यांदा ती गाडीत बसून या घरात आली. नंतरही तिनं फाट्यावर जायचं सोडलं नाही. दवाखान्याच्या गाडीसाठी नाही, तर माझ्यासाठी, मामासाठी, बेदाण्याच्या शेडवर तिच्याबरोबर माल निवडणाऱ्या बायांसाठी. मी बोलायचं बंद केलं. तिला तेवढ्यातच समाधान होतं आणि मलाही ती तिथं दिसली की बरं वाटायचं, हे मी तिला कधी सांगितलं नाही, पण तिला ते ठाऊक असावं. ती पिशवी घेताना माझ्याकडे बघून मिश्कील हसायची.

बागांच्या छाटण्या सुरू झाल्या होत्या त्या दिवसांत एका सकाळी अण्णांचा फोन आला. आईच्या छातीत दुखत होतं. त्यांनी आधी सिस्टरना कळवलं होतं आणि त्यांनी तासगावची ॲम्ब्युलन्स पाठवली होती. मी अंगावरच्या कपड्यांनिशी सातारच्या स्टँडवर धावले. गाडीत बसल्यावर ॲप उघडलं. ॲपमध्ये गाड्याही दिसतात, हलणाऱ्या छोट्या खुणा. ॲम्ब्युलन्सची खूण तासगावकडून निघाली, डांबरी रस्त्यानं आली, फाट्यावर थांबली नाही, पाणंदीत वळली आणि थेट आमच्या पत्र्यापाशी गेली. न चुकता, कुणाला न विचारता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी त्या तळहाताएवढ्या पडद्यावर होताना बघत होते. खूण परत फिरली आणि सांगलीच्या रस्त्याला लागली. ती दवाखान्याशी जाऊन थांबली तेव्हा मला वाटलं, वाचलो आपण. शेजारी बसलेल्या बाईंना मी तसं सांगितलंही. त्यांनी माझा हात दाबला.

मी सांगलीला पोचले तेव्हा आई गेली होती.

शेजारच्या काकू तिच्याबरोबर गाडीतून आल्या होत्या, त्या बाकावर बसून होत्या. अण्णा माझ्यानंतर आले. म्हशी शेजारी सोपवून, घराला कुलूप लावून, आईचे कपडे आणि चष्मा पिशवीत घेऊन ते दुपारच्या एसटीनं आले. पिशवी हातात धरून ते दारात उभे राहिले आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. डॉक्टर म्हणाले, गाडी वेळेवर आली होती, करण्यासारखं सगळं केलं, पण हृदयात काही उरलंच नव्हतं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, अजूनही ठेवते. तरीसुद्धा कितीतरी दिवस मला जेवताना, चालताना, कोड लिहिताना मधेच रडू फुटायचं. सहकारी उठून दार लावून घ्यायची आणि चहा सांगायची.

आमच्या डेटाबेसमध्ये पेशंट गेला तर ओळ पुसत नाहीत. तिच्यासमोरची एक खूण बदलतात, की मग फोनवर ठिपका दिसत नाही. आईच्या ओळीची खूण सहकारीनं बदलली. मला ते करावं लागू नये म्हणून मला न सांगता केली. एकदा काम करता करता माझा नकाशा आमच्या मळ्यावर आला आणि पत्र्यावर काहीच नव्हतं. मी तो मोठा करत गेले, अजून मोठा, पडदाभर नुसता पत्रा होईपर्यंत.

अण्णांना मी साताऱ्याला चला म्हटलं. ते म्हणाले, “म्हशी कोण बघणार?” मामानं म्हशी नेल्या, तरी ते आले नाहीत. त्यांचं बीपी वाढलेलं निघालं, म्हणून फिरत्या दवाखान्यात त्यांचंही नाव घातलं. मी रोज फोन करायची. जेवलात का, तर जेवलो. गोळी घेतली का, तर घेतली. काय करताय, तर काय न्हाई, बसलोय. कुठं बसलाय हे मी कधी विचारलं नाही. माणूस घरात बसतो असंच आपण धरून चालतो.

मग एक दिवस सहकारीनं मला तिच्या टेबलाशी बोलावलं. पेशंटचा ठिपका लागोपाठ छपरांपासून लांब पडला की आमच्याकडे इशारा येतो. तसा इशारा आला होता. “जुनीच चूक परत झालेली दिसते,” ती म्हणाली. “फाट्यावर नोंद झालीय. हलवून टाकू का?” बोलता बोलता तिनं नाव वाचलं आणि खुर्ची मागं सरकवून मला पडद्यासमोर जागा दिली.

ते नाव अण्णांचं होतं. मी मागच्या नोंदी काढल्या. दवाखान्याची गाडी जितक्या वेळा गेली होती तितक्या वेळा नोंद फाट्यावरच होती. पिकअप शेडला लागून, आईचा ठिपका होता तिथं. एखादा ठिपका सरकू शकतो, फोन चुकतो कधीकधी. सगळे एकाच जागी पडले तर फोन चुकलेला नसतो. आता भेटल्यावर बटण दाबायचंच नव्हतं, तपासताना दाबायचं होतं. नियम मीच केला होता.

मी सिस्टरना फोन लावला.

“चूक न्हाई ओ मॅडम,” त्या म्हणाल्या. “आजोबा तितंच असत्यात. मी घरी चला म्हणते, तर म्हणत्यात, हितंच बघा की. मग शेडातल्या बाकड्यावर बसवून बीपी घेते. तुमाला म्हाईत असंल असं वाटलं.”

दुसऱ्या दिवशी मी न कळवता निघाले. एसटी फाट्याच्या अलीकडच्या वळणावर आली आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. उगाच दिला असं मला वाटलं. मग शेडमधून अण्णा उठले आणि त्यांनी ड्रायव्हरला हात केला. जुना माणूस म्हणून या रस्त्याचे सगळे ड्रायव्हर त्यांना हॉर्न देऊन जातात, हे मला मागाहून कळलं. मी उतरले. त्यांच्या हातात आईची छत्री होती.

“तू व्हय?” ते म्हणाले. “फोन न्हाई, काय न्हाई.”

“कुणाला आणायला आलाय अण्णा?”

“कुणाला न्हाई. बसलोय आपला.”

त्यांनी माझी पिशवी घेतली. मी ओढाताण केली नाही. आम्ही पाणंदीनं चाललो आणि मोरीशी आल्यावर ते कट्ट्यावर बसले. या वेळी मीही बसले. ओढ्यात पाणी कमी होतं. ते बराच वेळ छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिले.

“आयुष्यभर गाडीतनं बघितली मी फाट्यावर उभारलेली मान्सं,” ते म्हणाले. “उन्हात, पावसात. कोन कुनासाठी उभारलंय, कवा ध्यानात आलं न्हाई. बेल दिली की गाडी हानायची.”

मी पायानं एक खडा ओढ्यात ढकलला.

“त्या दिशी गाडी दारात आली. लय बरं वाटलं मला. म्हणलं, लेकीनं केलंय ह्ये. तिला उचलून आत घातली, दार लावलं, गेली. मी कुलपाची किल्ली हुडकत हुतो.” त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. “ती समद्यांस्नी फाट्यापातूर पोचवायची गं. परक्याला बी. आन तिला मी दारातनंच लावून दिली. फाट्यापातूर बी आलो न्हाई.”

अण्णांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ते रडले नाहीत. मी रडले, आणि ते माझ्या पाठीवर हात ठेवून समोर बागेकडे बघत बसले. काय सांगणार होते मी त्यांना? की ती गाडी दारात आली नसती तर आई मोरीवरच गेली असती? ते त्यांनाही कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

घरी पोचल्यावर मी भाकरी केल्या, आम्ही जेवलो, आणि मी विषय काढला. अण्णांचा ठिपका फाट्यावर पडतोय, तो घरावर न्यायला हवा, त्यांना काही झालं तर गाडी फाट्यावरच थांबेल आणि ते इथं आत पडलेले असतील.

“ऱ्हाऊ दे की फाट्यावर,” ते म्हणाले. “मला काय झालं तर मी चालत यीन तितंवर.”

“छातीत दुखायला लागल्यावर चालत येणार तुमी?”

“यीन.”

“आवं अण्णा, जमतंय का ते?”

त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, “तिला एवढी वाट चालू दिली न्हाई आपण. मला तरी चालू दे.”

मी ओरडले त्यांच्यावर. आईवर ओरडायची तशीच. म्हटलं, मला एकच माणूस राहिलंय, आणि मला ते जिवंत हवंय. अण्णांनी ताट उचललं, बाहेर नेऊन धुतलं, आणि आत येऊन माझ्यासमोर बसले. “तुला जे बराबर वाटतंय ते कर,” ते म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. ठिपका त्यांच्या देखतच उचलला, पाणंदीवरून, मोरीवरून नेला आणि पत्र्यावर सोडला. तो नेमका आईच्या जागेवर बसला. डेटाबेसमध्ये आता त्या पत्र्यावर दोन ओळी आहेत, एकमेकींना चिकटून. फोनवर एकच दिसते. अण्णांनी विचारलं, “झालं?” मी म्हटलं, झालं. त्यांनी मान हलवली आणि गोळी घ्यायला उठले.

सकाळच्या गाडीनं मी निघाले. अण्णा छत्री घेऊन माझ्या पुढं चालत होते. मोरीशी थांबलो, बसलो, उठलो. फाट्यावर आलो. गोळ्या वेळेवर घ्या म्हटलं, ते व्हय म्हणाले. एसटी आली, ड्रायव्हरनं त्यांना हॉर्न दिला, कंडक्टरनं माझी पिशवी वर घेतली. मी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि सवयीनं फोन उघडला. पडद्यावर माझी निळी खूण रस्त्यानं पुढं सरकत होती आणि अण्णांचा ठिपका घराच्या पत्र्यावर होता, जिथं मी त्याला ठेवला होता. फाट्यावर नकाशात कुणीच नव्हतं. मी मागच्या काचेतून पाहिलं. अण्णा शेडच्या पुढं येऊन उन्हात उभे होते, मिटलेली छत्री हातात घेऊन, आणि आमची गाडी वळणाआड जायची वाट बघत होते.